दुखत नसलेला पाय कशासाठी कापायचा?

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे असून त्यांना १८ वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या तळव्याला आठ महिन्यांपूर्वी झालेली जखम भरून आली नाही, मध्यंतरी करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट काढावे लागले. आता संसर्ग टाचेच्या हाडापर्यंत गेल्याने गुडघ्याखाली पाय काढण्याचा सल्ला मिळाला आहे. ते ऐकल्यापासून बाबा जखम कोणालाच दाखवत नाहीत. पहाटे उठून पट्टी स्वतः बदलतात आणि डागाळलेला मोजा वर्तमानपत्रात गुंडाळून टाकून देतात. ‘मरेन, पण पाय देणार नाही. जो पाय दुखतसुद्धा नाही, तो कापायचा कशासाठी?’ एवढेच म्हणतात. त्यांची समजूत कशी काढावी?

उत्तर : समजूत काढण्याची घाई करण्यापूर्वी वडिलांचे ते वाक्य पुन्हा एकदा नीट ऐकावे, असे मी सुचवीन. ‘मरेन, पण पाय देणार नाही’ हे मधुमेही पायाच्या दवाखान्यात वारंवार कानी पडणारे वाक्य आहे आणि ते बोलणारी सगळी माणसे हट्टी किंवा अजाण नसतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत मधुमेही पायाच्या रुग्णांना सर्वांत मोठी भीती कशाची वाटते असे विचारले, तेव्हा मृत्यूपेक्षा पाय गमावण्याचे नाव घेणाऱ्यांचे प्रमाण पाय धड असलेल्या मधुमेहींपेक्षा बरेच जास्त आढळले.

त्यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपले शरीर बिघडले आहे हे आपल्याला वेदना सांगते; वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या की ती सांगणारी यंत्रणाच बंद पडते, आणि मग हाड कुजत असतानाही माणूस त्याच पायावर चालत राहतो. अशा माणसाला दुसऱ्याने येऊन ‘तुमचा पाय गेला आहे’ असे सांगणे म्हणजे परक्याच्या शब्दावर आपला अवयव सोडून देण्यासारखे आहे. एका गृहस्थांची तपासणी मला आठवते. त्यांना डोळे मिटायला सांगून मी त्यांच्या तळव्यावर १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा टेकवत होतो आणि स्पर्श कळताच ‘हो’ म्हणा, असे सांगितले होते. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, ‘अहो डॉक्टर, सुरू करा ना आता.’ तोवर सहा ठिकाणी धागा लावून झाला होता. डोळे उघडल्यावर त्यांनी माझ्याकडून धागा मागून घेतला आणि स्वतःच्या पायाला स्वतः लावून पाहिला. त्यानंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, पण ‘दुखत नाही’ हा मुद्दा त्यांनी पुन्हा काढला नाही. तुमच्या वडिलांनाही ही तपासणी अशीच, त्यांच्या हातात धागा देऊन, करून दाखवावी अशी विनंती डॉक्टरांना करा.

मग त्यांना नेमके कशाचे भय आहे ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. बहुतेकांच्या मनात शस्त्रक्रियेपेक्षा रात्री एकट्याने शौचाला कसे जायचे, आपण मुलांवर ओझे होऊ का, अशा गोष्टी घोळत असतात. ओळखीतल्या कोणाचा तरी पाय कापला आणि वर्षभरात तो गेला, ही आठवणही बऱ्याचदा असते. ती खोटी ठरवू नका. गुडघ्याखाली किंवा त्याहून वर पाय काढलेल्या मधुमेहींपैकी निम्म्याहून अधिक जण पाच वर्षांत दगावतात, हे खरेच आहे. मात्र ज्या आजाराने पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, तोच हृदय आणि मूत्रपिंडांनाही पोखरत असतो, आणि यातील बरेच मृत्यू त्यामुळे होतात. न भरणारी जखम तशीच ठेवल्याने तो धोका टळत नाही.

आणखी एक, जरा स्पष्टच लिहितो. घरात कोणी ‘आधीच सांगितले होते, साखर सांभाळली नाही’ असे बोलत असेल तर ते आजपासून बंद व्हावे. वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोजा हा बहुधा त्याच बोलण्याला दिलेला प्रतिसाद असतो. ज्याला आपण अपराधी ठरलो असे वाटते, तो जखम दाखवत नाही, आणि लपवलेली जखम अधिक वेगाने पसरते.

पाय काढण्याचा सल्ला दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घेण्याचा वडिलांना पूर्ण अधिकार आहे. त्या वेळी विचारण्याचा मुख्य प्रश्न रक्तपुरवठ्याचा. मधुमेहात घोट्याजवळच्या धमन्या चुना साचून कडक होतात, त्यामुळे तेथे मोजलेला रक्तदाब फसवा, म्हणजे प्रत्यक्षाहून चांगला दिसू शकतो. म्हणून पायाच्या अंगठ्यावरील दाब मोजला आहे का, अँजिओग्राफी झाली आहे का, अँजिओप्लास्टी किंवा बायपासने रक्त खाली आणता येईल का, हे विचारावे. रक्त पोहोचत असेल, तर हाडाचा कुजलेला भाग तेवढा काढून आणि टाचेवरचा भार पूर्ण हटवून पाय वाचण्याची शक्यता काही वेळा उरते. मात्र थंडी वाजून ताप, वर चढत जाणारी लाली, काळी पडणारी कातडी, दुर्गंधी किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले, तर मते गोळा करत बसू नका. तेव्हा हिशेब तासांचा असतो आणि त्याच तासाला रुग्णालय गाठावे लागते.

पाय काढावाच लागला, तर गुडघा वाचणे ही मोठी गोष्ट आहे, कारण गुडघ्याखालच्या कृत्रिम पायावर चालायला गुडघ्यावरच्या पायापेक्षा बरीच कमी ताकद लागते. दोन-दोन महिन्यांनी थोडे थोडे कापत गेलेले आणि शेवटी गुडघाही गमावलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्या बाबतीत आशा लांबवण्यात आम्हा डॉक्टरांचाही हात होता, असे मला वाटते. सर्वच जण पुन्हा चालू लागतात असे आश्वासन मी देणार नाही. हृदय दुबळे असेल किंवा दुसरा पायही खराब असेल, तर चाकांच्या खुर्चीची तयारी ठेवावी लागते. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या आधी वडिलांची गाठ कृत्रिम पाय बसवणाऱ्या तंत्रज्ञाशी आणि शक्य झाल्यास अशा शस्त्रक्रियेतून गेलेल्या एखाद्या व्यक्तीशी घालून द्या. रात्री शौचाला कसे जाता, हे ते तिला विचारू शकतील. मला विचारणार नाहीत.

सारे समजून घेऊनही त्यांनी नकार दिला, तर तो त्यांचा निर्णय आहे. त्यानंतरही पट्टी, औषधे आणि वेदनेवरील उपचार चालू राहतात, आणि त्यांना मत बदलण्याची मुभाही राहते.

प्रश्न : गेल्या वर्षी माझा डावा पाय गुडघ्याखाली काढला. दोन वर्षे जखमेचा वास, पट्ट्या आणि प्रतिजैविके यांत गेल्यावर मला खरे तर सुटका झाल्यासारखे वाटले. भेटायला येणारे रडतात, मला रडू येत नाही. हे विचित्र आहे का? शिवाय नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते.

उत्तर : विचित्र मुळीच नाही. दीर्घकाळ जखम वागवलेल्या अनेकांना हाच सुटकेचा भाव जाणवतो आणि इतरांच्या रडण्यामुळे तो बोलून दाखवण्याची लाज वाटते. कधी पुढे, पहिल्यांदा आरशासमोर उभे राहताना किंवा जोडीतला एकच बूट हातात आल्यावर दुःखही दाटून येईल. आले तर येऊ द्या. झोप उडाली, कशातच मन लागेनासे झाले आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर मात्र डॉक्टरांना सांगा.

खाजेला वैद्यकशास्त्रात नाव आहे. सायलस वेअर मिचेल या अमेरिकी डॉक्टरांनी १८७१ साली अशा अवयवाला ‘भुताचा अवयव’ म्हटले. मेंदूतील पायाचा नकाशा पायाबरोबर पुसला जात नाही. खाजेची वेदना झाली, तर आरशात उजव्या पायाचे प्रतिबिंब पाहत तो हलवण्याचा व्यायाम काहींना उपयोगी पडतो. फिजिओथेरपिस्ट तो शिकवतील. आता सगळा भार त्या उजव्या पायावर आहे, तेव्हा त्याचा तळवा आणि बोटांमधल्या फटी रोज रात्री उजेडात पाहत चला. वाकता येत नसेल, तर तोच आरसा जमिनीवर ठेवा.