‘कधी उतरतो?’ हा प्रश्न आधी बंद करा

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. आर्णीकडच्या तुमच्या पोट्ट्यांमध्ये एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या, इंडियाना पेसर्स टीमच्या हॅलिबर्टनवरून दोन तट पडले आहेत. दुखापतीमुळे तो २०२५-२६चा अख्खा सीझन बाहेर आणि पेसर्स हरून राहिले. निम्मे म्हणतात, जो खेळतच नाही त्याच्यासाठी पहाटे उठायचं कशाला, टीमनं त्याला देऊन दुसरा घ्यावा. तू म्हणतोस, मी त्याला सोडणार नाही, म्हणून ते तुला हळवा म्हणतात. दुखापतीत अडकलेल्या खेळाडूशी निष्ठा म्हणजे नेमकं काय करायचं आणि ती किती दिवस ठेवायची, हे तू विचारलंस.

मी दारव्हा तालुक्यात पीटी शिकवतो आणि बारा वर्षांपासून पोरापोरींकडून बास्केटबॉल खेळवून घेतो. उत्तर मोठं होईल, पण सगळं वाच.

आधी एक स्कोअर सांगतो, १०३-९१. २०२५ मध्ये २३ जूनच्या सोमवारी पहाटे ओक्लाहोमानं पेसर्सला फायनलच्या सातव्या, शेवटच्या मॅचमध्ये हरवलं तो हाच. आमच्याकडे पेरणीची घाई होती. वडील बियाण्याच्या थैल्या बंडीत टाकत होते आणि मी ओट्यावर मोबाईल धरून बसलो होतो. सात मिनिटांत हॅलिबर्टननं तीन-तीनचे तीन टाकले, नऊ पॉइंट. मग बॉल घेऊन निघाला आणि कोणाचा धक्का नसताना खाली पडला. तळहातानं फरशी बडवत होता. उजव्या पायाची टाचेमागची शीर, अकिलीस, तुटली होती. त्याच पायाची पोटरी पाचव्या मॅचमध्येच दुखावली होती, आणि तरीही तो उतरला होता. नंतर त्यानं लिहिलं की वेळ आली तर पुन्हा हेच करेन.

आता दुसरा १०३-९१. २८ एप्रिल २०१२, शिकागो, प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीची, पहिलीच मॅच. शिकागोची टीम बुल्स, ते १२ पॉइंटनी पुढे होते आणि १ मिनिट २२ सेकंद उरले होते. त्यांच्या डेरिक रोजचे २३ पॉइंट, ९ रीबाउंड, ९ असिस्ट झाले होते. आत घुसून दोन्ही पायांवर थांबायला गेला आणि डाव्या गुडघ्याची लिगामेंट, म्हणजे सांधा धरून ठेवणारा पट्टा, गेली. बुल्स मॅच जिंकले, पण ५० विजयांची ती टीम आठव्या नंबरच्या फिलाडेल्फियाकडून मालिका हरली.

मी तेव्हा अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. करत होतो. रोज माझा माणूस होता. शिकागोचाच पोरगा, २२व्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, त्याच्याहून लहान एमव्हीपी एनबीएत आजवर झालेला नाही. होस्टेलच्या खोलीत त्याचा वर्तमानपत्रातला फोटो मी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता. आणि याच रोजला पुढच्या वर्षी मी शिव्या घातल्या.

२०१३च्या मार्चमध्ये बातम्या आल्या की डॉक्टरांनी त्याला खेळायची परवानगी दिली आहे. तो उतरला नाही, सूट घालून बेंचवर बसायचा. इकडे त्याच्याच टीमचा जोकिम नोआ तळपायाच्या दुखण्यात खेळत होता. नेट रॉबिन्सन तापात ओकाऱ्या काढून पुन्हा मैदानात जात होता. लुओल डेंग तर पाठीच्या कण्यातून पाणी काढल्यावर बिघडून दवाखान्यात पडला. ब्रुकलिनमधली सातवी मॅच नोआनं २४ पॉइंट, १४ रीबाउंड आणि ६ ब्लॉक करून काढली. मी मित्रांत म्हणालो, याला म्हणतात खेळाडू, रोज घाबरट निघाला. मला वाटत होतं की मी निष्ठावान आहे आणि बेइमान तो आहे. त्यानं काय करावं हे मी अमरावतीत बसून ठरवत होतो आणि त्याच्या गुडघ्यात काय चाललं आहे, याची मला काडीची माहिती नव्हती. पुढच्या नोव्हेंबरमध्ये पोर्टलंडला त्याच्या उजव्या गुडघ्याची गादी फाटली. तेव्हा मी पेटीवरचा फोटो काढून टाकला नाही, पण पेटी उघडताना त्याच्याकडे बघायचं टाळू लागलो.

एवढ्यानं मी शिकायला पाहिजे होतं, पण शिकलो नाही. त्यासाठी आमच्याच गावच्या एका पोराचा गुडघा गेला.

२०१६ची गोष्ट. माझ्याकडे एक पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल घेऊन टीमला खेळवणारा, पोरगा होता, १९ वर्षांचा. त्याच्या वडिलांकडे तीन एकर कोरडवाहू. आमचं कोर्ट म्हणजे सिमेंटचा चौथरा, मधून तडा गेलेला, बोर्ड सागवानी फळ्यांचे, गावातल्या सुताराकडून करून घेतलेले. त्यावर तो पोरगा डावीकडून असा सुटायचा की रस्त्यानं जाणारे सायकल थांबवून पाहायचे. ऑगस्टमध्ये त्याची लिगामेंट तुटली. आधी दोन आठवडे हळद-तेलाच्या मालिशीत गेले, मग नागपूरला एमआरआय आणि सप्टेंबरात ऑपरेशन. पैसे सोयाबीन निघाल्यावर देतो म्हणून उसने घेतलेले.

दिवाळीपासून सगळं गाव त्याला एकच विचारायचं. एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, देवळात. “काय बे, कधी उतरतो?” विचारणारे सगळे त्याच्यावर जीव लावणारे होते, हे लक्षात घे. कोणी दूध पाठवलं, कोणी ऑपरेशनला पाचशे रुपये दिले होते. पण दिवसातून वीस वेळा हा प्रश्न ऐकणाऱ्या पोराला त्यात एकच ऐकू येते, की तू अजून उतरला नाहीस. २६ जानेवारीला तालुक्याजवळ रात्रीच्या मॅचेस व्हायच्या. भरवणाऱ्यांनी त्याला न विचारता फ्लेक्सवर त्याचा फोटो मधोमध टाकला, बाकीच्या टीमहून मोठा.

त्याला स्वतःलाही घाई होती. त्याला पोलीस भरतीत जायचं होतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मोठ्या पातळीवर खेळल्याचं सर्टिफिकेट हाती लागलं तर बरंच जमलं असतं, आणि एक वर्ष गेलं की वय पुढे सरकते.

मॅचच्या दोन दिवस आधी मी शिंप्याचा टेप आणून त्याच्या मांड्या मोजल्या. ऑपरेशन झालेली मांडी दुसरीपेक्षा ३ सेंटिमीटर बारीक भरली. मला कळत होतं याचा अर्थ काय. मांडीचा स्नायू भरला नाही तर उडी मारून खाली येताना सगळा भार नव्या लिगामेंटवर जातो. त्यानं टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “सर, चालते ना?” मी म्हणालो, “दहा मिनिटं खेळ फक्त.”

दुसऱ्या हाफला रीबाउंडसाठी तो उडाला. खाली आला तेव्हा आजूबाजूला कोणीच नव्हतं. तो आवाज मला बेंचवर ऐकू आला. पाचशे माणसं एकदम गप्प झाली आणि लाइटच्या जनरेटरचा तेवढा आवाज चालू राहिला. मी धावत गेलो तर रडत नव्हता. म्हणाला, “सर, गेला पुन्हा.”

दुसऱ्या ऑपरेशनला पैसे नव्हते. पोलीस भरतीत १६०० मीटर धावावं लागते, तो विषय तिथेच संपला. दूध पाठवणाऱ्यांपैकीच काही जण टपरीवर म्हणू लागले, पोट्टा नाजूकच होता. पुढच्या जानेवारीत फ्लेक्सवर दुसऱ्याचा फोटो होता. तो आता हंगामात जिनिंगमध्ये काट्यावर बसतो. जिना चढताना बाजूनं चढतो, एकेक पायरी.

त्यानंतर मी वाचायला लागलो. नवी लिगामेंट म्हणून जे बसवतात ते बहुतेक वेळा त्याच माणसाच्या मांडीमागून किंवा गुडघ्याच्या वाटीखालून घेतलेला पट्टा असतो. बसवल्यावर पहिले काही महिने तो पट्टा आधी कमजोर होतो, मग त्यात नवा रक्तपुरवठा तयार होऊन हळूहळू मजबूत होतो. म्हणजे पोरगा चालायला लागतो, हसायला लागतो, आपल्याला बरा दिसतो, नेमका त्याच काळात आतून तो कच्चा असतो. २०१६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं निघालं की नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने थांबाल, तितकी दर महिन्याला पुन्हा दुखापत व्हायची शक्यता जवळजवळ निम्म्यानं कमी होत जाते. माझा पोरगा चार महिन्यांवर उतरला होता.

अकिलीसचंही पाहा. एनबीएतल्याच केविन ड्युरंटचीही आधी पोटरी दुखावली होती आणि जून २०१९च्या फायनलमध्ये अकिलीस तुटली. तो पुढचा अख्खा सीझन बसून राहिला, थेट डिसेंबर २०२० मध्ये उतरला. २०२१च्या प्लेऑफमध्ये त्यानं मिलवॉकीविरुद्ध पूर्ण ४८ मिनिटं खेळून ४९ पॉइंट केले. म्हणून हॅलिबर्टनला पूर्ण सीझन बाहेर ठेवायचं पेसर्सनं जाहीर केलं तेव्हा तुझे मित्र चिडले, पण मला मोठा दिलासा वाटला.

आता ‘टीमनं त्याला द्यावा’ या म्हणण्याबद्दल. टीमचा हिशोब वेगळा असतो हे मला मान्य आहे, त्यांना पगार द्यायचे असतात. पण तो हिशोब आपण का डोक्यावर घ्यायचा? आपल्याला कोणी मॅनेजर नेमलेलं नाही. आयझेया थॉमसचं काय झालं ते मित्रांना सांग. २०१७ मध्ये प्लेऑफच्या तोंडावर त्याची बहीण अपघातात गेली. कंबरेचा सांधा दुखत असताना तो बॉस्टनसाठी खेळत राहिला आणि बहिणीच्या वाढदिवशी त्यानं ५३ पॉइंट केले. ऑगस्टमध्ये बॉस्टननं त्याला क्लीव्हलँडला दिलं. ज्या मोठ्या करारासाठी तो पात्र होता तो त्याला पुढे कधीच मिळाला नाही. हिशोबानं ते बरोबर असेलही. पण बॉस्टनच्या ज्या फॅनला त्या दिवशी काहीच वाटलं नाही, त्याच्याशी मला बास्केटबॉलवर बोलायचं नाही. उलट गोल्डन स्टेट वॉरियर्स या टीमनं आपल्या क्ले थॉम्पसनची लिगामेंट तुटल्यावर त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला. मग त्याची अकिलीसही तुटली, तरी थांबले. ९४१ दिवसांनी, जानेवारी २०२२ मध्ये तो परत आला आणि त्याच जूनमध्ये ते चॅम्पियन झाले.

तरी हे क्लेचं उदाहरण मित्रांवर फेकून मारू नको. कारण मग ते म्हणतील, परत येऊन जिंकला म्हणून थांबणं बरोबर ठरलं, आणि डेरिक रोजचं काय? तो परत पहिल्यासारखा कधीच झाला नाही. ३१ ऑक्टोबर २०१८ला मिनेसोटाकडून त्यानं ५० पॉइंट केले, शेवटचा थ्रो अडवला आणि मैदानातच रडला. त्या दिवशी माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण ती रात्र आली नसती तरी २०१३ मध्ये मी चुकलोच होतो. जानेवारी २०२५ मध्ये बुल्सनं त्याचा १ नंबर कायमचा निवृत्त करायचं जाहीर केलं. असा मान मिळालेला तो त्यांचा पाचवाच खेळाडू, जॉर्डन-पिपेनच्या रांगेतला, आणि त्यानं त्यांना चॅम्पियनशिप जिंकून दिलेली नाही. शिकागोच्या लोकांनी त्याला शिव्याही दिल्या होत्या आणि शेवटी परत जवळही घेतलं. मी पेटी आता शाळेत ठेवतो, झाकणाला फोटो तसाच आहे.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर. निष्ठा म्हणजे जर्सी घालणं किंवा भांडणं नाही. त्याला वेळ देणं, आणि ‘कधी’ हा शब्द तोंडातून न काढणं. किती दिवस, तर डॉक्टर लावतील तितके, आणि परत आल्यावर आणखी एक पूर्ण सीझन, कारण पहिल्या सीझनला पाय बरा असतो पण त्याचा पायावरचा विश्वास बरा झालेला नसतो. तोवर पेसर्सच्या बाकी पोरांना पाहा. ते हरतात तेव्हाही कोण कसं कट मारते, कोण धावून मागे येते, ते पाहण्यासारखं असते. ज्याला पहाटे उठायचं नसेल त्याला झोपू दे, त्यात बेइमानी नाही. फक्त त्यानं हॅलिबर्टनला घाबरट म्हणू नये. इंडियानापोलिसला तुमचं बोलणं पोचत नाही हे खरं. पण ते तुमच्याच टीममधल्या ज्या पोराचा गुडघा उद्या जाईल, त्याला बरोबर ऐकू जाते.

आमच्याकडे सध्या मुलींची टीम चांगली आहे. त्यातल्या एकीची लिगामेंट पावसाळ्यात तुटली आणि सप्टेंबरात ऑपरेशन झालं. मी वर्गातल्या कॅलेंडरवर नऊ महिने मोजून जूनच्या पानाला खूण केली आहे. गावात कोणी विचारलं तर त्याला सांगतो, शाळा उघडल्यावर बोलू. ती रोज संध्याकाळी कोर्टवर येते, वहीत सगळ्यांचे फ्री थ्रो लिहिते. टेप अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, दर पंधरा दिवसांनी तिची आई तिच्या मांड्या मोजते आणि आकडा मी लिहून ठेवतो. मागच्या आठवड्यात तिनं विचारलं, “सर, उडी न मारता उभ्यानं दोन थ्रो टाकू का?” मी फिजिओला फोन लावला, तो हो म्हणाला. तिनं दहा टाकले, सात गेले. वही तेवढ्यापुरती दुसरीनं धरली होती, तिनं सात आकडा इतका मोठा काढला की खालच्या दोन नावांवर गेला.