टीव्हीच्या मागं एवढी पोर्टं, कुठली वायर कुठं लावायची?

प्रश्न: दादा, मी सांगलीत विश्रामबागला राहते. आमचा ३२ इंची एलसीडी टीव्ही आहे, सेटटॉप बॉक्स एचडी घेतलाय, त्याचे जादा पैसेही दर महिन्याला भरतोय, पण चित्र धुरकटच. मॅचचा स्कोअर वाचायला उठून जवळ जावं लागतं. बॉक्स बसवणाऱ्यानं पिवळी-लाल-पांढरी वायर लावलीय. मुलाला लॅपटॉप जोडायचाय आणि सासऱ्यांना ऐकायला कमी येतं म्हणून जुना होम थिएटर पण लावायचाय. काय करू?

उत्तर: ताई, टीव्ही तुमचा चांगलाच आहे, घोळ त्या वायरीत आहे. सगळं चित्र त्या एका पिवळ्या वायरीतनं येतं आणि तिच्यातनं चित्राच्या ५७६ आडव्या ओळींच्या वर काही येत नाही, बॉक्स मात्र १०८० ओळी द्यायला तयार बसलाय. विहिरीला पाणी भरपूर पण पाइप अर्ध्या इंची, तसं झालंय. एचडीएमआय वायर आणा, साधी दीड मीटरची पुरते, चित्र आणि आवाज दोन्ही त्या एकीतनंच जातं. लावल्यावर रिमोटचं सोर्स बटण दाबून एचडीएमआय १ निवडा, आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय आहे का ते बघा, हे बघायचं बरेच जण विसरतात. ३२ इंचीला सुद्धा फरक लगेच दिसेल. महिन्याला पैसे भरून धुरकट बघणारी घरं मी इतकी बघितलीत की खरंच वाईट वाटतं.

लॅपटॉपला एचडीएमआय असेल तर तो दुसऱ्या पोर्टात. जुना असेल तर निळं १५ भोकांचं व्हीजीए वापरा, पण त्यातनं फक्त चित्र येतं, आवाजाला वेगळी वायर टाकावी लागते. यूएसबी पेनड्राइव्हसाठी आहे, लॅपटॉप तिथं लावू नका.

आता सासऱ्यांचा होम थिएटर. इथं सगळे एकच चूक करतात, टीव्हीवरच्या लाल-पांढऱ्या पोर्टात त्याची वायर घालतात आणि आवाज येत नाही म्हणून बसतात. मोबाइलची बॅटरी मारून बघा, तिथं बारीक अक्षरात ‘इन’ लिहिलेलं असतं, म्हणजे तिथनं आवाज आत जातो, बाहेर येत नाही. तुम्हाला पाहिजे ‘ऑडिओ आउट’ नाहीतर हेडफोनचं भोक, त्यात एका टोकाला हेडफोनसारखी पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना असलेली वायर लावा. हेडफोनला लावली की बहुतेक टीव्हींचा स्वतःचा आवाज बंद होतो, तो बिघाड नाही.

आणि एक कळकळीनं सांगतो, वायरी जोडताना दोन्हीकडचे स्विच बंद ठेवा, आणि वळवाचं आभाळ भरून आलं की टीव्हीची आणि बॉक्सची पिन काढायचीच, पण बॉक्समागची डिशची वायर पण काढा. आमच्या घरी गेल्या वर्षी तेवढीच राहिली होती, वीज कडाडली आणि बॉक्ससकट टीव्हीचं एचडीएमआय पोर्ट गेलं.