हलक्या स्पोर्ट्स कारला चार पिस्टनचे कॅलिपर बसवावेत का?

तुमची ९०० किलोची दोन सीटर, ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या लॅपला पेडल मऊ पडून खाली जातं, म्हणून पुढच्या चाकांना चार पिस्टनचे कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारी पकड, पॅड ढकलतात ते पिस्टन) बसवायचा विचार आहे, असं तुम्ही विचारलंय. जरूर बसवा, पण या दुखण्यावर ते औषध नाही.

पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल तर पॅड जास्त तापलेत. पेडलच स्पंजी होत असेल तर बहुतेक वेळा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालेली असते. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं आणि मग ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. त्यामुळे आधी ताजं ऑइल आणि ट्रॅकसाठीचे पॅड टाका, ब्रेकच्या नळ्यांतली हवा नीट काढा, आणि एक दिवस चालवून बघा.

आणखी एक गोष्ट. चालकासह १,००० किलोची गाडी ताशी १०० किमीवरून थांबवताना साधारण ३८५ किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. १,५०० किलोच्या गाडीला तेच ५८० होतात. ही उष्णता बहुतांशी डिस्क पिते, कॅलिपर नाही. सध्याच्या ब्रेकने चाकं लॉक होत असतील, तर नुसता कॅलिपर बदलून थांबण्याचं अंतर घटणार नाही. तिथे टायरची पकडच बोलते.

मग कॅलिपर कशासाठी? पेडलखाली मिळणाऱ्या नेमकेपणासाठी, पॅड सारखे झिजावेत म्हणून, आणि अ‍ॅल्युमिनियममुळे चाकाजवळचं वजन उतरतं म्हणून. हलक्या गाडीत हा शेवटचा फायदा मला फार मोलाचा वाटतो.

आता पिस्टनचा व्यास. इथे मी स्वतः चुकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या गाडीला मूळचा ५१ मिमीचा एकच पिस्टन असलेला सरकता कॅलिपर होता. दिसायला भक्कम म्हणून मी ४२ मिमीचे चार पिस्टनवाले घेतले. अशा फिक्स्ड, म्हणजे न सरकणाऱ्या आणि डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये एकाच बाजूचे पिस्टन मोजायचे असतात, तरी क्षेत्रफळ सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलं. पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच, त्यामुळे पेडल लांब गेलं. पुढची चाकं लवकर लॉक व्हायला लागली, मागचे ब्रेक जवळजवळ रिकामे बसले, आणि ओल्या रस्त्यावर गाडी आधीपेक्षा उशिरा थांबू लागली. ते काढून ३६ मिमीचे बसवले, ज्यांचं क्षेत्रफळ मूळच्या ५१ मिमीइतकंच भरतं, तेव्हा कुठे पेडल आणि पुढचा-मागचा तोल जागेवर आला.

विकत घेण्याआधी कॅलिपरचा पुठ्ठ्याचा साचा कापून चाकाच्या आत धरून बघा. बहुतेकदा रिमला नाही, स्पोकच्या आतल्या बाजूला घासतं. रोज रस्त्यावर चालवणार असाल तर पिस्टनवर रबरी डस्ट बूट असलेलेच घ्या. रेसिंगच्या अनेक कॅलिपरना ते नसतात आणि धुळीने सील खराब होतात. बसवताना हवा काढायचं निपल वरच्या बाजूलाच यायला हवं, डावा-उजवा कॅलिपर उलटा लागला तर कितीही ब्लीड केलं तरी हवा आतच राहते. मागचे मात्र तसेच राहू द्या, हँडब्रेक सहसा त्यांच्यातच असतो.

तुमच्या मूळ कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास मोजून कळवा, कुठला साइज जुळेल तो हिशेब मी करून देतो.