बोरूचे वळण फाउंटन पेनात

प्रश्न : शाळेत मी बोरूने कित्ता गिरवला होता. निवृत्तीनंतर रोजनिशी फाउंटन पेनाने लिहितो, परंतु अक्षराला ते जाड-बारीक वळण येत नाही. माझ्याकडे पोलादी निबेची दोन पेने आहेत, एकाची निब मध्यम आणि दुसऱ्याची जाड. साधी निब घासून तिला ‘स्टब’ किंवा ‘आर्किटेक्ट’ आकार देता येतो, असे फोर्टमधील एका दुकानात कळले. मराठीसाठी कोणता आकार घ्यावा?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : घासायला जाड निब द्यावी आणि मध्यम निब आहे तशीच राहू द्यावी. निबेच्या टोकाला कठीण मिश्रधातूची बारीक गोळी जोडलेली असते. जुन्या सवयीने तिला इरिडियम म्हणतात, पण आजच्या गोळीत ते बहुधा नसते. कारागीर ही गोळीच घासून आकार देतो. घासलेला धातू परत येत नाही, म्हणून मुळात गोळी मोठी असावी लागते. ती संपून खालचे पोलाद उघडे पडले, तर टोक लवकर झिजते. अगदी स्वस्त पेनांत पोलादच दाबून टोक केलेले असते, तेथे हा खर्च करू नये.

आता आकाराविषयी. स्टबने, म्हणजे सपाट रुंद धारेच्या टोकाने, उभी रेघ जाड आणि आडवी बारीक उमटते, त्यामुळे काना ठसठशीत आणि शिरोरेषा नाजूक दिसते. आर्किटेक्टचे नेमके उलट आहे : शिरोरेषा भरदार, काना बारीक. बोरूच्या अक्षरात मात्र काना आणि शिरोरेषा दोन्ही भरदार असतात. स्टबची धार ४५ अंशांत तिरकी धरली की तेही साधते, पण मग वळणे फसतात. कारण रोमन अक्षरांची जाडी वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरते, तर देवनागरीची वरून उजवीकडून खाली डावीकडे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे एखादे जुने पुस्तक हाती आले, तर त्यातील ‘र’ आणि ‘स’ भिंगाखाली पाहावेत. बोरूची हीच चाल त्या टंकांत उतरलेली दिसेल. याच कारणासाठी बोरूचे टोक तिरपे छाटत असत.

म्हणून आपण तिरपी धार मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक कारागिरांचा हात रोमन वळणावर बसलेला असल्याने केवळ ‘तिरपी’ म्हणून भागणार नाही. बोरूने लिहिलेल्या चार ओळी आणि पेन धरलेल्या हाताचे वरून व बाजूने काढलेले छायाचित्र निबेसोबत द्यावे. कोपरे किंचित गोल ठेवण्यास सांगावे. इटॅलिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निबेसारखे धारदार कोपरे भरभर लिहिताना कागदात रुततात. रुंदी ०.८ मिलिमीटरच्या आसपास पुरे. बाजारात तयार मिळणाऱ्या १.१ मिलिमीटरच्या स्टबने वहीच्या रेघांत लिहिले, तर ‘घ’ आणि ‘ध’ यांची पोटे शाईने भरतात. एवढे मात्र आधीच स्वीकारावे लागेल, की या पेनाने इंग्रजी सही केली तर ती उलट्या वळणाची दिसेल.

रुंद टोक अधिक शाई सोडते आणि आपल्याकडे पावसाळ्यात कागद दमट होऊन शाई फुटते. रोजनिशीचा कागद गुळगुळीत, घट्ट विणीचा घ्यावा.

प्रश्न : पॉलिश पेपर आणून निब घरीच घासली तर चालेल का?
– एक विद्यार्थिनी, दादर

उत्तर : सुटी मिळणारी, कठीण गोळी असलेली जाड पोलादी निब घेऊन अवश्य शिकावे. दहापट मोठे दाखवणारे भिंग हवेच. घासण्यापूर्वी निबेची दोन्ही पाती एका पातळीत आहेत ना, हे त्यातून पाहावे. ती खाली-वर असताना घासले, तर एक पाते अधिक झिजते आणि पुढे पाती सरळ केली तरी निब खरखरतच राहते. दोन-चार वेळा घासले की थांबून, शाई भरून लिहून पाहावे. आजोबांचे सोन्याच्या निबेचे पेन घरात असेल, तर त्यावर हा प्रयोग करू नये.