दुकान घ्या, पण जुन्या मालकाच्या घरची मजुरी विकत घेऊ नका

प्रश्न थोडक्यात असा. वाचक डोंबिवलीचे, वय 38, अंबरनाथच्या खासगी कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार 62,000. पत्नी शाळेत शिकवतात, पगार 24,000. मुलगी नऊ वर्षांची. गृहकर्जाचा हप्ता 23,500, घरखर्च 41,000. म्युच्युअल फंडात साडेआठ लाख, मुदत ठेव तीन लाख, पीएफ अकरा लाख. दहा वर्षे संस्थेबरोबर प्रस्तरारोहण करतात. माळशेजच्या रस्त्यावर, टोकावडे आणि मोरोशीच्या मध्ये, एक दुकान विकायला आहे. पुढे चहा-नाष्टा आणि किराणा, मागच्या खोलीत चढाईचे साहित्य: रोप (दोर), हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी), शूज. मालक साडेचौदा लाख मागतो. नोकरी सोडून, दहा लाख मुद्रा कर्ज आणि साडेचार लाख फंडातून काढून हे घ्यावे का?

या किमतीला नको, आणि नोकरी सोडून तर नकोच. वेगळ्या भावाला आणि वेगळ्या करारावर मात्र विचार करण्यासारखे आहे.

मालकाने विक्री वर्षाला 24 लाख आणि हातात उरणारे 5 लाख 40 हजार सांगितले आहेत. हा माणूस खोटे बोलतोय असे वाटत नाही. अडचण वेगळीच आहे. तुम्हीच पाठवलेल्या आकड्यांची फोड करू. नाष्टा-जेवण 11 लाख, गॅस धरून खर्च वजा जाता निम्मे उरतात, म्हणजे साडेपाच लाख. किराणा, पाणी, थंड पेये 7 लाख, त्यावर 12 टक्के, म्हणजे 84 हजार. चढाईचे साहित्य 6 लाख, त्यावर 18 टक्के, म्हणजे 1 लाख 8 हजार. एकूण 7 लाख 42 हजार. मालक जागेचे 5,000 भाडे देतो. वर्षाचे भाडे 60 हजार, वीज 54 हजार, दुरुस्ती-नासाडी 40 हजार, कल्याण-मुरबाडहून माल आणण्याचे 48 हजार. हे वजा केले की बरोबर 5 लाख 40 हजार उरतात.

या हिशेबात पगाराची ओळच नाही. भट्टीवर मालकाची पत्नी, गल्ल्यावर तो स्वतः, माल आणायला भाऊ. पहाटे साडेचारला चहा तयार असतो, कारण ते तिथेच राहतात. तुम्ही आचारी 13,000 आणि हाताखालचा माणूस 9,000 धरलात, तेही त्या भागात माणूस टिकला तर. ते झाले वर्षाला 2 लाख 64 हजार. नव्या करारात जागामालक 12,000 भाडे मागतो, म्हणजे 84 हजारांची वाढ. उरले 1 लाख 92 हजार.

त्यात जीएसटी. केवळ वस्तू विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा 40 लाख आहे, पण खाण्याची सेवा मिसळली की 20 लाखांची मर्यादा लागते. 24 लाखांच्या विक्रीवर मालकाकडे नोंदणी नसेल तर ते त्याचे दुखणे. उद्यापासून ते तुमचे होईल. 11 लाखांच्या नाष्टा-जेवणावर 5 टक्के म्हणजे 55 हजार. वड्याचा भाव वाढवता आला नाही तर ते खिशातून जातील. हातात राहिले 1 लाख 37 हजार, महिना साधारण 11,400.

दहा लाखांचे कर्ज 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता 21,742. म्हणजे दुकान स्वतःचा हप्ताही फेडत नाही. नोकरी सोडल्यावर घरात पत्नीचे 24,000 आणि दुकानाचे 11,400 येणार. जाणार 41,000 अधिक 23,500 अधिक 21,742. दर महिन्याला जवळपास 51 हजारांची तूट. फंडातले उरलेले चार आणि ठेवीतले तीन लाख चौदाव्या महिन्यात संपतात. हाताखालच्या माणसाचे काम स्वतः केलेत तर सतराव्या महिन्यात. दुसरा हंगाम पुरता हाताला लागायच्या आत गंगाजळी आटलेली असेल.

आता साडेचौदा लाखांत काय काय आहे ते बघू. माल 5 लाख 20 हजार, फ्रीज-भट्टी-शेड 2 लाख 30 हजार, जागेची अनामत 2 लाख, आणि 'नाव', म्हणजे दुकानाची ओळख (गुडविल), 5 लाख.

मालाचा आकडा मालकाने खरेदीच्या बिलांवरून काढला आहे. तो तसाच मान्य करू नका. एक अख्खा दिवस काढून मोजणी करा आणि मालाचे ढीग लावा. धातूचे साहित्य, म्हणजे कॅराबिनर, डिसेंडर (दोरावरून उतरण्याचे साधन), बिले डिव्हाइस (चढणाऱ्याचा दोर रोखून धरणारे साधन), न वापरलेले आणि खुणा स्पष्ट असतील तर खरेदीच्या 70 टक्क्यांपर्यंत घ्या. कॅराबिनरवर ईएन 12275 हा युरोपीय मानकाचा क्रमांक असतो. क्रमांक किंवा बॅच नसलेला माल कितीही चकचकीत असला तरी शून्य. क्विकड्रॉ म्हणजे पट्टीने जोडलेले दोन कॅराबिनर; त्यातली पट्टी कापडी असते, म्हणून तो धातूच्या ढिगात टाकू नका.

कापडी माल हा खरा सापळा आहे. रोप, हार्नेस, स्लिंग (कापडी पट्टीचा फास) यांना बहुतेक उत्पादक निर्मितीपासून कमाल 10 वर्षांचे आयुष्य देतात, अगदी न वापरता कपाटात ठेवले तरी. लेबलवर निर्मितीचे वर्ष असते. पाच वर्षांपूर्वीचा हार्नेस घेणाऱ्याला त्याचे निम्मेच आयुष्य मिळते, आणि जाणते गिर्यारोहक लेबल वाचूनच माल घेतात. तीन वर्षांच्या आतला असेल तर 60 टक्के, तीन ते पाच वर्षांचा असेल तर तीस टक्के, त्यापुढचा शून्य. भाड्याने दिलेले रोप आणि हार्नेस मोजायचेच नाहीत.

रोपाच्या गुंडाळीचा प्रकार नीट पाहा. ईएन 892 म्हणजे डायनॅमिक, पडणाऱ्याचा झटका ताणून सोसणारा. ईएन 1891 म्हणजे स्टॅटिक, फारसा न ताणणारा, रॅपलिंगचा (दोरावरून कडा उतरण्याचा), मीटरवर कापून विकला जातो. एखाद्या नवख्याने स्टॅटिक रोप लीड चढाईला (पहिला माणूस दोर सोबत घेत वर चढतो ती) नेला आणि तुम्ही न सांगता विकला असेल, तर गोष्ट परताव्यावर थांबत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाबरोबरच पुरेशी सूचना न देण्याची जबाबदारीही विक्रेत्यावर येऊ शकते. म्हणून प्रकार, लांबी आणि निर्मितीचे वर्ष बिलावर लिहायचे. रोप आणि हार्नेस भाड्याने देणे मात्र पहिल्या दिवसापासून बंद. त्या रोपावर आधी किती झटके बसले ते सांगता येत नसते. तंबू, मॅट, हेडटॉर्च खुशाल भाड्याने द्या.

शूजचे मोजमाप सोपे आहे. 40 ते 43 नंबर संपलेले आणि 37, 46 पडून असतील, तर तो माल अडकलेला पैसा समजा. शूजवर नफा मिळेल ही आशाही सोडा. आठ-नऊ हजारांची जोडी माणूस ठाण्यात डेकॅथलॉनमध्ये पायात घालून बघतो किंवा ऑनलाइन मागवतो. रस्त्यावरच्या दुकानात तो विसरलेली वस्तू घेतो: हेडटॉर्चचे सेल, चॉक (हाताला लावायची पावडर), बोटांना लावायची टेप, स्टोव्हला लागणारा गॅसचा डबा, ओआरएस, चिक्की, खजूर. यात दीड लाखाचा माल वर्षातून चार-पाच वेळा फिरतो. सहा लाखांची साहित्यविक्री याच्याच जिवावर आहे की दोन-तीन संस्थांच्या मोठ्या ऑर्डरींवर, हे बिलांतून काढा. ऑर्डरी मालकाच्या ओळखीने येत असतील तर त्या त्याच्याबरोबर जातील.

मग 'नावा'चे पाच लाख कशाचे? हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याला जाणारे सावर्णे फाट्यावरून बेलपाड्याला वळतात, त्यांना आदल्या रात्री पाठ टेकायला जागा लागते. मोरोशीच्या भैरवगडाचे गट पहाटे निघतात. जीवधनजवळच्या वानरलिंगी सुळक्याला जाणारे बरेचसे घाट चढून जुन्नरमार्गे घाटघरला उतरतात, म्हणजे तुमच्याकडे ते चहापुरते. हे सगळे मालकाला नावाने ओळखतात. रात्री दोनला शटर वाजले तरी तो उठतो, कुठला गट कुठे गेलाय आणि परतला का याकडे त्याचे लक्ष असते. हे कागदावर विकता येत नाही, पण हस्तांतराची काही कलमे घालता येतात. दुकानाचा मोबाइल क्रमांक, गूगल नकाशावरची नोंद आणि व्हॉट्सॲप गट तुमच्याकडे आले पाहिजेत. नोव्हेंबर ते मार्च प्रत्येक शनिवार-रविवार मालक किंवा त्याची पत्नी दुकानात हजर राहील. आणि टोकावडे ते माळशेज घाट या पट्ट्यात तीन वर्षे तो असा धंदा करणार नाही. व्यवसायाच्या नावासह विक्रीत, भाग आणि मुदत वाजवी असेल तर, असे बंधन करार कायद्याच्या कलम 27 च्या अपवादात टिकते. या तिन्हींचे मिळून दीड लाख द्या, तेही दोन हप्त्यांत: निम्मे पहिला हंगाम संपल्यावर, निम्मे दुसरा संपल्यावर.

उधारीची वही विकत घेऊ नका. कुणा संस्थेकडून रोपासाठी आगाऊ रक्कम घेतली असेल तर ती किमतीतून वजा करा.

सगळ्यात आधी बघायचा तो सातबारा. मुरबाड तालुक्यात आदिवासींच्या जमिनी पुष्कळ आहेत. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे बिगर-आदिवासीला ती पूर्वपरवानगीशिवाय विकताच काय, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. मालकाचा जुना करार असाच बिनपरवानगीचा निघाला, तर तुमचे शेड, अनामत आणि नाव एका अर्जावर गेले. त्यासोबत बिगरशेती परवानगी आहे का, आणि राष्ट्रीय महामार्ग 61 च्या इमारत रेषेच्या (रस्त्यापासून बांधकामाला मनाई असलेल्या अंतराच्या) आत शेड येते का, हे तलाठी आणि महामार्ग कार्यालयात विचारा. रस्ता रुंद झाला की पहिली भट्टी जाते. हे नीट निघाले तरच 60 महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार करा. तीन वर्षे जागामालक काढणार नाही, भाडेवाढ वर्षाला पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि मुक्कामाची, शौचालयाची व गाड्या लावण्याची स्पष्ट परवानगी. अनामत लाखावर नको. अन्न सुरक्षा नोंदणी आणि वीजजोड मालकाच्या नावावर आहेत, ते तुमच्या नावावर होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. भट्टीला घरगुती सिलिंडर लावलेला असेल तर 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा भाव धरून नाष्ट्याचे 50 टक्के पुन्हा मोजा, ते खाली येतील.

मालकाचे प्राप्तिकर विवरण बघून विक्री पटवून घेऊ नका. अंदाजित उत्पन्न पद्धतीत नफा विक्रीच्या 6 किंवा 8 टक्के धरून भरला असतो, त्यातून खरा नफा कळत नाही. यूपीआयचे 24 महिन्यांचे स्टेटमेंट मागा आणि महिन्यांनुसार मांडा. जून ते सप्टेंबरचे आकडे फुगलेले दिसतील. ती गर्दी धबधब्याची, मॅगी-कणसाची. चढाई पावसात बंदच असते. दरड पडून घाट बंद झाला किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश आला की ती गर्दी दोन दिवसांत आटते. निम्म्याहून जास्त विक्री पावसाळी असेल तर हे गिर्यारोहकांचे दुकान नव्हे, पावसाळी टपरीच आहे, आणि भाव त्याप्रमाणे पाडून मागा.

माझा आकडा असा: मोजणीतून माल पावणेतीन लाखांपर्यंत, सामान 1 लाख 40 हजार, अनामत एक लाख. आता द्यायचे 5 लाख 15 हजार, आणि नावाचे दीड लाख नंतर. फंडातून साडेतीन लाख, मुद्राच्या किशोर गटातून अडीच लाख. हप्ता 5,435, खेळत्या भांडवलाला 85 हजार शिल्लक. बँक तशीही नावाच्या किमतीला कर्ज देत नाही, तिला माल आणि यंत्राची कोटेशने लागतात. पीएमईजीपीचे (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे) अनुदान मिळेल असे कुणी सांगितले असेल तर ते नव्या उद्योगाला असते, चालू धंदा घेण्याला नाही. इक्विटी फंडाचे दीर्घकालीन नफ्याचे सव्वा लाख दर आर्थिक वर्षात करमुक्त असतात, म्हणून विक्री मार्च आणि एप्रिलमध्ये विभागा. पीएफला हात लावू नका.

नोकरी चालू ठेवा. आठवडाभर आचारी आणि हाताखालचा माणूस, शुक्रवार रात्रीपासून तुम्ही. ओसरीवर लोक आता फुकट झोपतात. स्वच्छ शौचालय, मॅट आणि चार्जिंगचे बोर्ड दिलेत तर माणशी 100 रुपये कुणी नाकारणार नाही. हंगामाच्या चाळीस रात्री, सरासरी बारा माणसे, म्हणजे 48,000. पहिल्या वर्षी यापेक्षा जास्त धरू नका. एप्रिल-मेमध्ये पाण्याचा टँकर लागतो का, हे आधी शेजारच्या हॉटेलवाल्याला विचारा. सोबत कुणी वाटाड्या घेऊन चढाईच्या सहली विकायला सांगेल. ते वेगळे काम आहे, 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे आयोजकाची नोंदणी लागते. दुकानाच्या बिलात ते मिसळू नका.

मालक यावर तयार झाला नाही, तर नोव्हेंबर ते मार्च दुकान महिन्याच्या ठरावीक रकमेवर चालवायला मागा, माल त्याचाच ठेवून. तेही नाही म्हणाला तर सोडा.

आणि मोजणीला जाल तेव्हा मागच्या खोलीत इन्व्हर्टरची बॅटरी कुठे ठेवली आहे ते बघा. रोपांच्या खाली किंवा शेजारी असेल तर त्या फळीवरचा सगळा कापडी माल शून्यात धरा. ॲसिडची वाफ नायलॉन कमकुवत करते आणि वरून काहीच दिसत नाही.