व्हॅनची जबाबदारी कुणाची?

प्रश्न : माझी नात तासगावहून सांगलीला शाळेच्या व्हॅननं जाते. मुलं अक्षरशः कोंबलेली असतात. शाळा म्हणते, व्हॅन पालकांनी ठरवली, आमचा संबंध नाही. – एक आजोबा

उत्तर : आजोबा, शाळेला असे हात झटकता येत नाहीत. राज्याच्या 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, अध्यक्ष खुद्द मुख्याध्यापक. पालक प्रतिनिधी, पोलीस, आरटीओचे निरीक्षकही तिच्यात असतात. थांबे आणि भाडं ठरवणं, परवाना, विमा, फिटनेस, चालकाचं लायसन्स तपासणं ही तिचीच कामं.

मी मुख्याध्यापिका असताना बैठकीत कागद बघून थांबत नसे. फाटकाशी उभी राहून मुलं उतरताना मोजत असे. कागदावर गाडी नेहमीच चांगली असते हो! अग्निशामक, प्रथमोपचार पेटी हाताळून बघायची. मदतनीस आहे का, तेही. धाकटी मुलं रस्ता ओलांडतात तेव्हा तोच लागतो.

तुम्ही समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे लेखी विचारा आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर अर्जाची प्रत, गाडीच्या नंबरासह, सांगलीच्या आरटीओत द्या. एकटे जाऊ नका, त्याच व्हॅनमधल्या चार पालकांच्या सह्या घ्या.