लहान मुलांना चेन सॉची (इंजिनवर चालणाऱ्या साखळी-करवतीची) गोडी कशी लावावी? कितव्या वर्षी हातात द्यावी?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. वडील शहादा तालुक्यात बांधावरच्या बाभळी-सुबाभळी स्वतः कापतात, त्यांना मशीनचं वेड, आणि ते पोरांनाही लागावं अशी इच्छा. शेवटी हळूच विचारलंय, "हात धरून थोडी चालवू दिली तर चालेल का?"

नाही चालणार. पहिले हेच मिटवतो, कारण या एका वाक्यावरून माझं आणि आमच्या साडूंचं दर लग्नकार्यात वाजतं. त्यांचं म्हणणं, "मी मागे उभा, माझे हात वरून, पोराला काय होणार?" काय होणार ते ऐका. पूर्ण रेसवर चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते. बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पुढची लांब पट्टी; तिच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशाला टेकला की दात कापत नाही, अडकतो, आणि मशीन टोकाकडून उसळून मागे तुमच्याच तोंडाकडे येते. हाच किकबॅक. एकटा माणूस यातून वाचतो तो तीन गोष्टींमुळे: डावा अंगठा हँडलखालून घट्ट वळवलेला, डावा हात कोपरात जवळजवळ सरळ, आणि डोकं बारच्या रेषेच्या डावीकडे. मशीन उसळली की मनगट पुढच्या गार्डवर आपटतं आणि चेन ब्रेक लागतो.

आता मध्ये पोरगं उभं करा. तुमची मूठ हँडलवर नाही, पोराच्या मुठीवर आहे. कोपर वाकलेलं आहे. बार ज्या रेषेत वर येणार, तिथे बरोब्बर पोराचं डोकं. ब्रेक लागला तरी चेन थांबते, बार थांबत नाही. सहा-सात किलोचं लोखंड यायचं तिथे येतंच. तेव्हा चालू मशीन अठराच्या आधी नाही, अठरानंतरही शिकवून. ऑनलाइन मिळणाऱ्या चार-सहा इंची बॅटरीवरच्या छोट्या करवती तर पोरांसाठी जास्त वाईट, कारण त्या हलक्या असतात आणि एका हाताने चालतात. दुसरा हात रिकामा राहतो आणि फांदी धरायला पुढे जातो.

मग गोडी कशी लावायची? चेनपासून. मशीनचा आवाज आणि धूर पोरांना आपोआप आवडतो, त्यात तुमचं काही कर्तृत्व नाही. खरी गंमत दातात आहे आणि तो दात मशीन बंद असतानाच बघता येतो.

संपत आलेली एक जुनी चेन घ्या. तिच्या दातांची टोकं चपट्या कानशीने मोडून टाका, स्वच्छ धुवा, पुसा आणि खळ्यात पांढऱ्या गोणपाटावर पसरा. धुण्याचं काम तुमचं, रॉकेल-डिझेल पोरांच्या हातात नको. मग त्यांना मोजू द्या. बाजारातल्या ५८ सीसीच्या मशीनला बावीस इंची बार असेल, तर बहुतेक वेळा चेन ०.३२५ इंच पिचची आणि ८६ ड्राइव्ह लिंकची असते. ड्राइव्ह लिंक म्हणजे खाली बारच्या खाचेत चालणारे त्रिकोणी दात. वरचे कापणारे दात त्याच्या निम्मे, म्हणजे ४३. ते एक डावा, एक उजवा असे आलटून पालटून असतात. आता ४३ ही विषम संख्या, त्यामुळे कुठेतरी एकाच बाजूचे दोन दात लागोपाठ यावे लागतात. ती जागा मुलीला शोधायला सांगा. अर्धा तास तोंडातून शब्द निघणार नाही.

मग पिच. चेनवरच्या लागोपाठ तीन रिव्हेटांचं अंतर मोजायचं आणि निम्मं करायचं. ०.३२५ च्या चेनवर शाळेच्या फूटपट्टीने साडेसोळा मिलिमीटर भरतं, ३/८ इंचाच्या चेनवर एकोणीस. मोजून झालं की सांगा, याच मापावरून कानस ठरते: ०.३२५ ला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, लहान मशीनच्या ३/८ लो-प्रोफाइलला ४ मिलिमीटरची. चुकीच्या जाडीच्या कानशीने दाताच्या आतली वाटी बिघडते आणि मग कितीही घासा, धार येत नाही. दुकानात नुसतं "चेनची कानस द्या" म्हणणाऱ्यांच्या हातात बऱ्याचदा भलतीच कानस पडते.

धार लावणं नऊ वर्षांच्या मुलीला जमतं. मशीन थंड, स्पार्क प्लगची टोपी काढलेली, बार वाइसमध्ये कपडा घालून पकडलेला, हातात जाड मोजे. सुरुवातीच्या दातावर मार्करने खूण करायची, हे काम धाकट्याचं. बहुतेक दातांच्या वरच्या बाजूला कोनाची बारीक रेघ असते, साधारण तीस अंशांची, कानस तिच्याशी समांतर. कानशीच्या जाडीचा पाचवा भाग दाताच्या वर राहिला पाहिजे, पूर्ण खाली बुडवायची नाही. ढकलायची आतून बाहेर, एकाच दिशेने. मागे आणताना उचलून आणायची, दातावरून ओढली तर धारही जाते आणि कानसही. दर दाताला तीन ढकल, मोजून. आधी एका बाजूचे सगळे दात, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला कंटाळून दोन असं झालं, की दात लहान-मोठे होतात आणि काप सरळ न जाता एकीकडे वळतो.

झालं की चेन उन्हात धरा. बोथट दाताच्या कडेवर उजेडाची पांढरी रेघ चमकते. धार लागलेल्या कडेवर काहीच चमकत नाही. पोरांचे डोळे आपल्यापेक्षा तेज असतात, राहिलेला दात ती बोटाने दाखवतात. (बोट लांबून.)

साडूंचा दुसरा सिद्धांत इथे आडवा येतो: "वरचे रेकर घासून टाका, मशीन पळते." रेकर म्हणजे प्रत्येक दाताच्या पुढचा बुटका उंचवटा. दात एका वेळी किती लाकूड उचलणार ते तो ठरवतो. दातापेक्षा तो साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. चार-पाच वेळा धार लावल्यावर गेज (रेकरचं माप बघायची पट्टी) ठेवून चपट्या कानशीने एक-दोन हात पुरतात. अंदाजाने जास्त खाली घेतला तर दात घास मोठा घेतो, मशीन धक्के देते, क्लच तापतो आणि किकबॅकची शक्यता वाढते. साडूंची मशीन पळते हे खरं आहे. चेन दर हंगामाला नवी लागते हेही खरं आहे.

पोरांना दाताची गोष्ट सांगायची असेल तर भिरूड दाखवा. वाळत चाललेल्या आंब्याच्या खोडावर भोक आणि त्यातून बाहेर पडलेला भुसा दिसला, की आत ही पांढरी, जाडजूड अळी असते. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला ओंडक्यात याच कुळातल्या, म्हणजे लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी दिसली. तोवरच्या चेनचे दात हातकरवतीसारखे सरळ टोकदार असत. ते लाकूड ओरबाडत आणि सारखी धार मागत. अळी मात्र लाकडाच्या रेषेत आणि रेषेला आडवं, दोन्हीकडे सहज खात होती, कारण तिचे जबडे वाकडे होते आणि ती डावीकडून, मग उजवीकडून चावत होती. कॉक्सने तसेच एक डावा, एक उजवा, वाकड्या कडेचे दात बनवले आणि १९४७ मध्ये ती चेन विकायला काढली. आज तुमच्या बारवर फिरते ती त्याच जातीची. अळी काडेपेटीत ठेवा, शेजारी चेनचा दात ठेवा, भिंग द्या. दुसरं काही बोलायची गरज पडत नाही.

प्रत्यक्ष कापताना पोरांचं काम भुसा वाचण्याचं. उभं झाड पाडताना पोरं झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, तीस फुटांची बाभूळ असेल तर साठ फूट लांब, दुसऱ्या मोठ्या माणसाच्या ताब्यात. तसा माणूस नसेल तर त्या दिवशी पोरं घरी. पाडलेल्या खोडाचे तुकडे करतानाही लांब उभ्या केलेल्या ट्रॉलीत बसवा. कानाला इअरमफ हवेतच, कारण आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. कापून इंजिन बंद झालं की मूठभर भुसा आणायला बोलवा. जाडसर छिलके निघाले तर धार आहे. पिठासारखा बारीक निघाला तर चेन बोथट झाली. काळपट असेल, जळका वास येत असेल, तर बोथट चेन दाबून दाबून चालवलीय किंवा बारला ऑइल पोचत नाही. सहा वर्षांचं पोरगं "आबा, पीठ पडी राह्यनं" असं ओरडतं तेव्हा थांबायचं आणि कानस काढायची. त्याच्या सांगण्यावरून बाप थांबतो, याची त्याला जी ऐट वाटते ती हँडल धरून येणार नाही.

पेट्रोल-ऑइलचं गणित पाण्यावर आणि सिरिंजवर करवून घ्या: टू-स्ट्रोक ऑइल ५०:१ चं असेल तर एक लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. खरं मिश्रण तुम्ही करा. बारचं ऑइल वेगळं, टाकी वेगळी.

केळीचा खांब कापून दाखवा असा हट्ट झाला तर ऐकू नका. ओले तंतू स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) गुंडाळले जातात आणि क्लचचं कव्हर उघडून तासभर चिमट्याने ओढत बसावं लागतं. केळीला विळा-कोयताच बरा.

मुलगी दहाची झाली की लहान हातकरवत आणि सुबाभळीची मनगटाएवढी फांदी द्या, फांदी बांधून. तुम्ही कापलेल्या चकत्या दोघांना द्या. सागाच्या चकतीवर वर्षांची वलयं नीट मोजता येतात, बाभळीवर डोकं पिकतं. अंजनाच्या गाभ्याचा तुकडा आणि काटेसावरीचा तुकडा बादलीत टाका, अंजन बुडतं, सावर तरंगते.

राहिलं एक. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, अंजन ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतली झाडं आहेत, स्वतःच्या शेतात असली तरी उभं झाड परवानगीशिवाय पाडता येत नाही. चकत्यांच्या हौसेपायी नस्तं लचांड नको. आणि वयं मी सरसकट लिहिलीत, तुमची पोरगी धसमुसळी असेल तर कानस दोन वर्षं उशिरा द्या.

फोटो हवाच असेल तर चेन आणि बार उतरवा, टाकी रिकामी करा, प्लगची टोपी काढा आणि नुसती बॉडी दोन्ही हातांत द्या, डावा अंगठा हँडलखालून. साडूंना हा तोडगा सांगून झालाय. चेनशिवाय फोटोला वजन येत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.